यादीतली पहिली ओळ

मी टोपण काढून पेन पुढे केलं आणि शेवंताबाईंनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. क्षणभर मला वाटलं, अंगठ्यात काटाबिटा रुतलाय आणि त्या तो दाखवताहेत. म्हणून मी वाकून बघितलंसुद्धा. अंगठा धडधाकट होता. नखाच्या कडेला भाकरीचं पीठ वाळलेलं, एवढंच. "शाईची डबी न्हाई का आणली, भाऊ?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. शाईची डबी मी कशाला आणीन? मी काही तलाठी नव्हे. सतरा वर्षं दौंडच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे, आणि सभासदाच्या घरी सही घ्यायला निघताना ग्रंथपाल पेन घेऊन निघतो. दुपारचे तीन वाजले होते, रेल्वे क्वार्टर्सचे पत्रे तापले होते, माझ्या काखेत नकाशाची गुंडाळी होती आणि हातात ती यादी. दुसऱ्या ओळीपासून पुढे चोवीस सह्या झाल्या होत्या. पहिली ओळ मी आठ दिवस कोरी ठेवली होती, या बाईंसाठी. आपल्या वाचनालयाचा खरा वाचक कोण, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी यांचंच नाव घेतलं असतं. आणि त्या तर अंगठा धरून उभ्या होत्या. मी पेनला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

आता हे नकाशाचं प्रकरण सांगितलं पाहिजे, नाहीतर मी तिथे कशाला गेलो होतो तेच कळणार नाही. वाचनालय वाढवायचं ठरलं होतं. पंचाहत्तर साल, यंदा महिला वर्ष आहे असं रेडिओ सकाळ-संध्याकाळ सांगत होता, आणि मी सतरा वर्षांत पहिल्यांदा कार्यकारी मंडळापुढे तोंड उघडून म्हणालो होतो की महिला विभाग काढा. मागच्या मोकळ्या जागेत चौदा बाय बारांची एक खोली. तिला बोळातून वेगळं दार, दाराला पडदा, आत सहा खुर्च्या, एक लांब टेबल, दोन कपाटं आणि 'शांतता राखा' ही पाटी. म्हणजे पुढच्या दालनात पेपर वाचत बसलेल्या पुरुषांच्या समोरून कुठल्या बाईला जावं लागणार नाही. वरवंडच्या संपत ओव्हरसियरनं माझ्या सांगण्यावरून निळ्या कागदावर सुबक नकाशा काढून दिला. पण अध्यक्षांच्या मनात दुसरंच होतं. अध्यक्ष म्हणजे तात्याबा, गुळाच्या अडतीवरचे, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांना वर हॉल बांधायचा होता. व्याख्यानं होतील, लग्नालाही देता येईल. दोन्ही होण्यासारखं नव्हतं. शेवटी ठराव झाला की स्वतः वाचणाऱ्या पंचवीस स्त्रियांच्या सह्या सोमवारच्या सभेपर्यंत आल्या तर खोली, नाहीतर हॉल. आप्पा हसत म्हणाले होते, "खंडेराव, पंचवीस काय, पाच आणा." मला तेव्हा त्यांची कीव आली होती. माझ्याकडे ही एकच अशी होती की जिच्यासाठी खोली बांधावी.

आणि मी तिला कधी बघितलं नव्हतं. कार्ड नंबर दोनशे बारा, नाव हौशीराम यांचं, हुद्दा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. दर शनिवारी ड्यूटी संपली की हौशीराम कापडी पिशवीतून पुस्तक आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि वर घडी केलेली चिठ्ठी. म्हणायचे, घरनं दिलीय. बस. ते उंच, कमी बोलणारे, आणि पुस्तक हातात घेतल्यावर आधी कव्हरवरची धूळ सदऱ्याला पुसणारे. चिठ्ठीतलं अक्षर उजवीकडे झुकलेलं, काने लांब ओढलेले, शिरोरेघ एका दमात मारलेली. 'मागचे पुस्तक ठीक. नायिका फार रडते. कमी रडणारी द्यावी.' 'शेवटी लेखकाने घाई केली आहे. आणखी दोन पाने लिहायला हरकत नव्हती.' एकदा नुसतंच, 'हे पुस्तक परत द्यावेसे वाटत नाही, पण देत आहे.' चिठ्ठ्यांना कोळशाचा वास यायचा. मी म्हणायचो, क्वार्टर लोको शेडजवळ आहे, तिथे कोळशाचा वास कशाला यायचा नाही. त्या अक्षरावरून मी एक बाई तयार केली होती. बारीक अंगाची, चष्मा लावणारी, घरचं सगळं आवरून खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसणारी, ओठ मिटून वाचणारी. तिच्यासाठी मी येईल ते पुस्तक आधी स्वतः वाचून काढायचो. सतरा वर्षांतली शेवटची अकरा मी खरं म्हणजे वाचनालयासाठी वाचलंच नाही, दोनशे बारा नंबरसाठी वाचलं. तोंडानं एक शब्द बोललो नाही आणि मला वाटत राहिलं की आमचं बोलणं चालू आहे. गेले तीन महिने पुस्तकही परत आलं नव्हतं आणि चिठ्ठीही. शेवटचं पुस्तक एका मास्तरणीच्या आयुष्यावरचं, दोन भागांचं, जरा जडच होतं. ते त्यांच्या मनाला लागलं असेल, माझा अंदाज पहिल्यांदा चुकला असेल, या विचारानं मला तीन महिने धड जेवण गेलं नाही. तरी चौकशीला गेलो नाही. अकरा वर्षांत त्या घरी मी एकदाही गेलो नव्हतो. का, असं कुणी विचारलं तर मला धड उत्तर देता येणार नाही, आणि जे देता येईल ते मला आवडणार नाही.

आता गेलो तर समोर रुंद हाडापेराची, दंडावर गोंदलेली, चष्मा नसलेली बाई. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली फळीवर कव्हर घातलेलं माझं, म्हणजे वाचनालयाचं पुस्तक. हौशीराम खाटेवर बसले होते, डोळ्यांवर हिरवी झापड. मला आवाजावरून ओळखून उठायला लागले. त्यांनीच सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. शिरूरला बहिणीकडे राहून डोळ्यांच्या शिबिरात दाखवून आले. डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय काढता येत नाही, वर्षभर थांबा. रेल्वेनं हलकं काम दिलं होतं, तेही होईना. म्हणून तीन महिने वाचन बंद. मी म्हणालो, तुमचं बंद, पण बाईंचं? आणि विचारल्याबरोबर मला कळलं की मी काय विचारलं.

"ती कुठं वाचती, साहेब," हौशीराम म्हणाले. "वाचणारा मी. ती ऐकती."

"मग चिठ्ठ्या?"

"त्या बी मीच लिवायचो. पर बोलायची ती. मी नुसतं नीट करून लिवायचो. ती म्हणायची, मेल्याला गाडी गाठायची व्हती जणू. तसं कसं लिवायचं तुम्हाला? मग मी लिवलं, लेखकाने घाई केली."

शेवंताबाई मधेच म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं मला हे सगळं ठाऊक असेल. शिकायचा प्रयत्न त्यांनी केला होता, हौशीरामांनी पाटी आणून दिली होती. पण अक्षरांकडे बघत बसलं की गोष्ट पळून जाते, म्हणून त्यांनीच सोडून दिलं. वस्तीत पहिल्यापासून असंच, पेपर एकानं वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मात्र क्वार्टर्समधल्या बायकांना त्या वाचतात असंच वाटतं. बायका आपली पत्रं आणून देतात, या म्हणतात ठेवून जा, सांजच्याला सांगते. आणि संध्याकाळी हौशीराम वाचून दाखवतात. पत्रातलं वाईट कसं सांगायचं ते मात्र याच ठरवतात. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "अंगठ्याचं हे तुमच्या कागदावरच ऱ्हाईल न्हवं, भाऊ?" मी म्हणालो, कागदावरच. मग डबी घेऊन परत येतो असं म्हणून उठलो. चहा झाला होता की नव्हता, तो मी प्यालो का, हेही मला आता आठवत नाही.

घरी जाताना रेल्वेच्या दादऱ्यावर, रुळांवरच्या पायपुलावर, थांबलो. खाली एक इंजिन उगाच पुढे-मागे करत होतं, आणि पलीकडच्या रस्त्यानं पाटसकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या बैलांच्या चालीनं चालल्या होत्या. मी एकेक चिठ्ठी आठवायला लागलो आणि प्रत्येक चिठ्ठी मला दोनदा ऐकू यायला लागली. 'नायिका फार रडते.' हे त्या कसं म्हणाल्या असतील? आणि ते नीट करून लिहिताना हौशीरामांनी काय गाळलं असेल? म्हणजे मी अकरा वर्षं कुणाशी बोलत होतो? डोळे एकाचे, कान दुसरीचे, मत तिचं, भाषा त्याची. नायिकेच्या रडण्याला ती हसली असेल तेव्हा त्यालाही हसू आलं असेल का? दोघं मिळून एक वाचक होत असतील, तर मग खुर्ची एक पुरेल का दोन लागतील, असला काहीतरी वेडगळ हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला. फसवलं म्हणावं तर त्यांनी फसवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं. आणि तरीही मला राग आला होता, तोही नेमका कुणावर ते कळत नव्हतं. ती चष्मेवाली बारीक बाई खिडकीपाशी बसली होती ती उठून गेली, आणि तिला मी ओळखत होतो. ही दुसरी, जिला सगळं कळत होतं, ती मला परकी वाटत होती.

मनातल्या मनात वाचायला मी शिरूरच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे, गुरुजींनी ओठांवर पट्टी मारून शिकवलं. वाचताना ज्याचे ओठ हलतील त्याला पट्टी. दोन आठवड्यांत माझे ओठ हलायचे बंद झाले आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. घोडनदीवर आई धुणं धुवायची आणि मी दगडावर बसून पुस्तक वाचायचो, ओठ घट्ट मिटून. आई मधेच हात थांबवून विचारायची, "काय लिवलंय रं?" मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. एकदा नाही, रोज. तिचं नाव भागुबाई, तिला मरून वीस वर्षं झाली, आणि तिला काय कळलं असतं आणि काय नाही याचा मी त्या दिवशी दादऱ्यावर उभं राहून पहिल्यांदा विचार केला. वाचन म्हणजे एकट्याचं, गुपचूप, दुसऱ्याला न देता करायचं काम, असं माझ्या डोक्यात कुणी भरलं? वाचनालयाच्या चार भिंतींवर 'शांतता राखा' असं मीच रंगवून घेतलंय. नव्या खोलीच्या नकाशातही पाटीची जागा मी आधी दाखवली होती, खिडकीची नंतर. त्या वेळी मला हे सगळं लाजिरवाणं वाटलं, आणि इंजिननं शिट्टी दिली तेव्हा मी मुकाट्यानं घराकडे निघालो.

शनिवारी वाचनालयात यादी पुढ्यात घेऊन बसलो. दुसऱ्या ओळीवर वच्छलाबाई, कन्याशाळेच्या बाई, सही एकदम झोकदार. त्यांनी आजतागायत एक पुस्तक नेलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर त्यांच्याच शाळेतल्या दोघी, त्याही तशाच. आठव्या ओळीवर आप्पांच्या सूनबाई, त्या महिन्याला एक मासिक नेतात आणि त्यातले भरतकामाचे नमुने फाडून घेतात. सोळाव्या ओळीवर माझी बायको गीताबाई. तिनं सही करताना विचारलं होतं, कुठली खोली? चोवीस सह्या आणि त्यातल्या वाचणाऱ्या फार तर चार. आणि जिला अकरा वर्षांतल्या साडेपाचशे पुस्तकांतलं कोणतं कुठे घसरलं हे पाठ आहे, तिचा अंगठा. ठरावात लिहिलं होतं, स्वतः वाचणाऱ्या. 'स्वतः' या शब्दावर मी बोट ठेवून बसलो. पुढच्या दालनात पाच-सहा म्हातारे पेपर वाचत होते. त्यातल्या दोघांचे ओठ हलत होते, आणि एरवी मी खाकरून त्यांच्याकडे बघितलं असतं. मला कळेना की मी वाचणाऱ्यांसाठी खोली मागतोय, सही करणाऱ्यांसाठी, का माझ्या डोक्यातल्या त्या चष्म्यासाठी.

संध्याकाळी आप्पा स्वतः आले. त्यांना मी एवढंच सांगितलं की पंचविसावी सभासद आहे, पण तिला सही करता येत नाही असं निघालं. नाव सांगितलं नाही. आप्पा वाईट माणूस नाही, व्यवहारी आहे. म्हणाले, घरातल्या कुणाकडून करून घ्या की, कोण बघायला येतंय? कागद पुरा झाला की माझी हरकत नाही, हॉल पुढच्या वर्षी बघू. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की त्याचीच शरम वाटली. अंगठ्यासाठी आणलेली शाईची डबी मी कपाटात तशीच ठेवून दिली.

रविवारी परत गेलो. अंगठा चालत नाही, सही लागते, असं मी सांगितलं. ठरावाचा भाग सांगितला, आप्पा काय म्हणाले ते सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत हौशीराम म्हणाले की मी करतो सही. शेवंताबाईंनी त्यांना जमिनीवर बसवलं, पाट पुढे ठेवला, त्यांचं बोट धरून पहिल्या ओळीवर टेकवलं. झापड वर करून, तोंड कागदाच्या अगदी जवळ नेऊन, हौशीरामांनी लिहिलं. शेवंताबाई हौशीराम. अक्षर जरा पसरलं होतं; पण तेच, उजवीकडे झुकलेलं, लांब कान्यांचं. खोटी सही म्हणून जी करून घेतली, ती मला यादीतल्या चोवीस सह्यांपेक्षा खरी वाटत होती. याच अक्षरानं मला अकरा वर्षं या बाईचं सांगणं सांगितलं होतं. बाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे समदं माझं? लई लांब हाय की. त्या हसल्या, आणि कागद वाऱ्यावर धरून शाई वाळवू लागल्या.

मग त्यांनी खोलीचं विचारलं. मी गुंडाळी उलगडून दाखवली. इथे दार, इथे पडदा, इथे तुमची खुर्ची. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ह्यांना आत येता येईल का? मी म्हणालो, नाही, पुरुषांना नाही. आत कुणी मोठ्यानं वाचलं तर चालेल? मी म्हणालो, नाही, वाचनालयात ते चालत नाही. त्या नकाशाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता विचारतील, मग ही खोली माझी कशी. तसं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, असू द्या, कुणाच्या तरी पोरीबाळींना व्हईल. नकाशा गुंडाळताना रबर दोनदा निसटलं. काहीतरी करायलाच पाहिजे म्हणून मी फळीवरचं पुस्तक काढलं आणि म्हणालो, राहिलेलं मी वाचून दाखवतो. मास्तरणीच्या कथेची ऐंशी पानं राहिली होती. मी वाचायला लागलो. सतरा वर्षांत मी कुणापुढे मोठ्यानं वाचलं नव्हतं; माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दीड पान झालं असेल.

"थांबा, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या. "ती मरणार हाय व्हय, मास्तरीण?"

मास्तरीण मरते, पण अजून पन्नास पानांनी. तोवर तिची बदली होते, ती मुलींची शाळा काढते, सगळं छान चाललेलं असतं. मी म्हणालो, तुम्हाला कसं कळलं?

"तुमच्या आवाजात आलं की. तुम्हाला पुढचं समदं म्हाईत हाय. ह्यांना नसायचं, मला बी नसायचं. दोघं संगं जायचो." मग त्यांनी मऊपणानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि फळीवर ठेवलं. "ऱ्हाऊ द्या. डोळं पिकल्यावर बघू."

तिथून निघालो ते मी सबंध गावाला वळसा घालून घरी गेलो. मला पुढचं माहीत आहे, हे माझं एकच भांडवल होतं. पुढचं माहीत होतं म्हणून तर मी तिच्यासाठी निवडू शकत होतो. आणि त्याच कारणानं मी तिला निरुपयोगी होतो. खोलीही निरुपयोगी, मीही. आणि तिची सही माझ्या खिशात, तिनं वाळवून दिलेली. ही सही सभेपुढे ठेवायची की नाही, हे मी सोमवारी सभेची वेळ झाली तरी ठरवलं नव्हतं. तरी कागद बरोबर नेला. ठरवलं नाही म्हणजे ठरवलंच, असं आता वाटतं.

सभेला सातजण होते. आप्पांनी यादी हातात घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. "शेवंताबाई हौशीराम. वा. काय अक्षर आहे." यादी हातोहात फिरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, रेल्वे क्वार्टर्समधली बाई असं लिहिते, म्हणजे गाव सुधारलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता, अक्षराचा की बाईचा ते विचारू नका. आप्पांनी खोलीला मंजुरी असं म्हटलंसुद्धा. मग, माणूस खूश झाला की करतो तसं, त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पायाभरणीला मंत्रीबिंत्री नको, म्हणाले. याच बाईंना बोलवू, नारळ त्यांच्या हातानं फोडू, आणि त्यांना आवडत्या पुस्तकातल्या चार ओळी वाचायला सांगू. सगळ्यांना कल्पना आवडली. आप्पा माझ्याकडे वळले, "सांगाल ना त्यांना, खंडेराव?"

आजारी आहेत, म्हणता आलं असतं. त्या बुजतात, म्हणता आलं असतं. विचारून सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "त्यांना वाचता येत नाही. त्या ऐकतात."

हे मी का म्हणालो? त्यांना चारचौघांत उभं करून फजिती होऊ नये म्हणून, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, ते अक्षर सगळ्यांच्या हातांतून फिरलं ते मला सहन झालं नाही; ते आजवर फक्त माझ्याकडे यायचं. कधी वाटतं, माझ्या आतला तो गुरुजी पट्टी घेऊन उठला आणि खरं ते बोलला. एकच गोष्ट खात्रीनं सांगू शकतो की तोंडातून वाक्य गेल्यावर मला फार मोकळं वाटलं, आणि ते मोकळं वाटणं आप्पांचा चेहरा बघेपर्यंत टिकलं. आप्पांना शनिवारपासून सगळी गोष्ट ठाऊक होती, नाव तेवढं आत्ता कळलं होतं, आणि आता सातजणांसमोर त्यांना ती ठाऊक नसल्यासारखं करणं भाग होतं. ते हळूच म्हणाले, मग हे नाव कमी करावं लागेल. त्यांनी लाल पेन्सिलीनं पहिली ओळ खोडली. चोवीस राहिल्या. कुणीतरी विचारलं, मग महिला विभाग नक्की कुणासाठी, खंडेराव? मी म्हणालो, मला माहीत नाही. हॉलचा ठराव एकमतानं झाला. एकमतात मीही होतो, हात वर केल्याचं मला आठवतं.

मंगळवारी सकाळी क्वार्टर्सवर गेलो. खोली होत नाही, हे मीच सांगायला हवं होतं. वाटेत वाक्य जुळवत होतो. खोलीपासून सुरुवात करावी की सहीपासून, की नुसतं पुस्तक बदलून देतो म्हणावं. नळावर बायका होत्या. मला बघून त्या बोलायच्या थांबल्या आणि त्यांतल्या एकीच्या कमरेला खोचलेलं पोस्टाचं पाकीट मला दिसलं. ती माझ्याबरोबरच शेवंताबाईंच्या दाराकडे वळली होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत नळाकडे गेली. शेवंताबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आत या म्हटलं नाही. हौशीराम आत खाटेवर होते. मी काही बोलायच्या आत मला कळलं की इथे सगळं पोचलेलं आहे, सभेतल्या सातजणांना सात घरं आहेत. तरी मी सुरुवात केली. म्हणालो, बाई, मी खरं तेच बोललो, तुमच्या भल्यासाठीच, त्यांनी तुम्हाला चारचौघांत वाचायला लावलं असतं.

"चार वळीच ना?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडनं चारदा ऐकून घेतल्या असत्या. म्हणून दावल्या असत्या."

हे मला सुचलं नव्हतं. साडेपाचशे पुस्तकं मनात ठेवणाऱ्या बाईला चार ओळी पाठ म्हणता येतील, हे मला, ग्रंथपालाला, सुचलं नव्हतं. मी म्हणालो, चुकलं. त्या तांदळातले खडे काढत राहिल्या. मग त्यांनी सूप खाली ठेवलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"अंगठा दिला तवा तुम्ही घेतला न्हाई. सही दिली ती तुम्हीच मोडली. आता काय देऊ, भाऊ?"

वाचनालयातलं कुठलंही पुस्तक काढलं तरी त्याच्या शेवटी काय आहे ते मला सांगता आलं असतं. आतून हौशीरामांनी विचारलं, "गेले का गं ते?"

"न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या. "हायेत उभे."